हॉटेलाला लिफ्ट किती लागतात?

नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, नागपूर अशा शहरांत अलीकडे एका नव्या धाटणीच्या इमारती उभ्या राहत आहेत. तळघरात पार्किंग, तळमजल्यावर रिसेप्शन आणि रेस्टॉरंट, मध्ये कुठेतरी लग्नाचा एसी हॉल आणि वर शंभर-दीडशे खोल्यांचं हॉटेल. पूर्वी मंगल कार्यालय एकीकडे आणि वऱ्हाडाची उतरायची सोय दुसरीकडे असे. आता वऱ्हाड एकाच इमारतीत उतरतं, नटतं, जेवतं आणि झोपतं. सगळी सोय एका छताखाली झाली, पण तिच्यातला बराचसा भार लिफ्टवर येऊन पडला.

नकाशा टेबलावर असताना मालक आर्किटेक्टला विचारतो, "साहेब, लिफ्ट किती धरायच्या?" उत्तर पुष्कळदा शेजारच्या हॉटेलात किती आहेत ते बघून, नाहीतर जिन्याच्या बाजूला किती जागा उरते ते बघून ठरतं. मला हे मनापासून खटकतं. इमारतीतल्या बहुतेक चुका नंतर निस्तरता येतात. एसी बदलता येतो, फरशी उखडता येते, भिंत सरकवता येते. लिफ्टचा शाफ्ट मात्र तळापासून गच्चीपर्यंत प्रत्येक स्लॅब भेदून जातो, आणि एकदा काँक्रीट पडलं की तो वीतभरही रुंद होत नाही. म्हणून लिफ्टचा हिशेब पाया खोदण्याच्या आधी व्हायला हवा. हिशेब अवघडही नाही, दहावीच्या गणितात बसतो. इथे तो मांडून दाखवतो.

एक साधं हॉटेल घेऊ. तळमजल्यावर लॉबी, वर खोल्यांचे दहा मजले, प्रत्येक मजल्यावर पंधरा, म्हणजे दीडशे खोल्या. हॉल सध्या बाजूला ठेवू. हॉटेल भरलं आणि खोलीमागे दोन माणसं धरली की तीनशे पाहुणे झाले.

लिफ्ट पुरेशा आहेत की नाहीत, हे दोन आकड्यांवरून कळतं. पहिला आकडा म्हणजे सगळ्यात गर्दीच्या पाच मिनिटांत सगळ्या लिफ्ट मिळून किती माणसं वाहतात. दिवसभराची सरासरी इथे निरुपयोगी आहे, कारण पाहुणा रांगेत उभा राहतो तो सकाळी नाश्त्याच्या आणि खोली सोडायच्या वेळी. हॉटेलसाठी सर्वसाधारणपणे पाच मिनिटांत एकूण पाहुण्यांपैकी १० ते १५ टक्के माणसं हलवता यावीत, असं धरतात. आपल्या तीनशेंचे १२ टक्के म्हणजे ३६ माणसं. दुसरा आकडा अंतराचा: तळमजल्यावरून एक लिफ्ट सुटल्यानंतर दुसरी किती सेकंदांनी मिळते. हॉटेलात हे अंतर ३० ते ५० सेकंदांत असलं तर चालतं. त्यापुढे गेलं की माणसं बटण पुन्हापुन्हा दाबू लागतात.

दोन्ही आकडे निघतात ते एका फेरीच्या वेळातून. लिफ्ट तळमजल्यावरून माणसं घेऊन निघाली, त्यांना सोडत वर गेली आणि परत खाली आली, याला किती सेकंद लागले? आपल्याकडे माणशी ६८ किलो धरून लिफ्टची क्षमता सांगतात, म्हणून १३ माणसांच्या लिफ्टवर ८८४ किलो लिहिलेलं दिसतं. ती ठासून कधीच भरत नाही. ऐंशी टक्के भरली तरी खूप. म्हणजे दहा माणसं.

दहा माणसं, दहा मजले. लिफ्ट किती ठिकाणी थांबेल? प्रत्येक जण वेगळ्या मजल्याचा निघाला तर दहा, सगळे एकाच खोलीच्या पार्टीला चालले असतील तर एक. सरासरी काढायची तर एकच मजला डोळ्यांपुढे आणा, समजा सातवा. एखादा माणूस सातव्यावर न उतरण्याची शक्यता दहात नऊ. दहाच्या दहा जण तिथे न उतरण्याची शक्यता म्हणजे ०.९ ला ०.९ ने दहा वेळा गुणायचं. उत्तर सुमारे ०.३५ येतं. म्हणजे सातव्या मजल्यावर लिफ्ट थांबण्याची शक्यता ६५ टक्के. बाकीच्या मजल्यांचंही तेच. दहा मजले धरले की एका फेरीत सरासरी साडेसहा थांबे होतात.

आता वेळ मोजू. लिफ्ट सरासरी साडेनवव्या मजल्यापर्यंत जाऊन वळते. मजल्याची उंची ३.३ मीटर धरली तर वर ३१ मीटर आणि खाली ३१ मीटर. वेग सेकंदाला १.७५ मीटर, म्हणून नुसत्या धावण्याला ३६ सेकंद. प्रत्येक थांब्यावर वेग कमी होणं, दार उघडणं, बंद होणं, पुन्हा वेग घेणं यात सुमारे नऊ सेकंद जातात. साडेसहा थांबे आणि तळमजल्याचा एक मिळून ६८ सेकंद. माणसाला आत शिरायला सव्वा सेकंद, उतरायला तेवढाच. दहा जणांचे २४-२५ सेकंद. एकूण फेरी १२८ सेकंदांच्या आसपास.

या १२८ सेकंदांकडे नीट पाहायला हवं. त्यातले फक्त ३६ सेकंद लिफ्ट पळते. उरलेलं दीड मिनिट दारं आणि माणसं खातात. एसटी गाडी कितीही ताकदीची असली तरी दर फाट्यावर थांबली की तिचा वेग कागदावरच राहतो, तसंच हे आहे. तरी लिफ्ट विकायला येणारा माणूस सगळ्यात आधी वेग विकतो. सेकंदाला अडीच मीटरची लिफ्ट घेतली तर धावण्याचे ३६ सेकंद २५ वर येतील, म्हणजे ११ सेकंद वाचले. तेवढेच ११ सेकंद दुसरीकडेही मिळतात. एका बाजूला सरकणाऱ्या दाराऐवजी मधून उघडणारं, रुंद आणि चपळ दार घेतलं आणि थांब्यामागे दीड सेकंद वाचला, की साडेसात थांब्यांत हिशेब तिथेच येतो. शिवाय वेग वाढवला की शाफ्टच्या तळाचा खड्डा खोल करावा लागतो, वरची मोकळी जागा वाढवावी लागते, मोटार मोठी लागते. दार चांगलं घेतलं तर यातलं काहीच वाढत नाही. दहा-बारा मजल्यांच्या हॉटेलात पैसा वेगाऐवजी दारावर घालावा, असं माझं ठाम मत आहे.

एक लिफ्ट पाच मिनिटांत साधारण २३ माणसं वर नेते. दोन लिफ्ट ४७. आपल्याला हवी होती ३६, म्हणजे दोन पुरल्या असं वाटतं. पण भरून धावल्या तर दोघींमधलं अंतर ६४ सेकंद पडतं. थोड्या रिकाम्या धावल्या की थांबे कमी होतात आणि अंतर पन्नासच्या आसपास येतं, पण ते काठावरच. तीन लिफ्ट घेतल्या तर भरलेल्या अवस्थेतही अंतर ४३ सेकंद, आणि एरवी त्याहून बरंच कमी. धंद्यात एक ठोकताळा चालतो, नव्वद ते शंभर खोल्यांमागे एक लिफ्ट. त्या हिशेबाने दीडशे खोल्यांना दोन पुरेत असं कोणी म्हणेल. मी तिसरी धरायला सांगेन. दोनपैकी एक सर्व्हिसिंगसाठी बंद ठेवली की दहा मजल्यांचं हॉटेल एका लिफ्टवर येतं, आणि ती एक लिफ्ट पाहुण्यांना आयुष्यभर लक्षात राहते.

वर मोजलेली दहा माणसं हात हलवत आलेली होती. हॉटेलात येणारा पाहुणा बॅगा घेऊन येतो. १३ माणसांच्या लिफ्टचा आतला भाग दोन मीटर रुंद आणि १.१ मीटर खोल असतो, म्हणजे सव्वादोन चौरस मीटरसुद्धा नाही. दोन मोठ्या बॅगा, एक हातातली आणि कडेवर मूल असलेलं कुटुंब आत आलं की काटा ८८४ किलोच्या खूप अलीकडे असतानाच जागा संपते. आतल्या फलकावर १३ लिहिलेलं असलं तरी चेक-इनच्या वेळी सहा-सात धरावेत. म्हणून हॉटेलची लिफ्ट निवडताना किलोंपेक्षा फरशीचं क्षेत्रफळ आधी पाहावं.

हॉटेल आणि लिफ्ट यांचं नातं जुनं आहे. एलिशा ओटिस यांनी १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात, उचललेल्या फळीवर स्वतः उभं राहून, तिचा दोर सगळ्यांसमोर तोडून घेतला आणि फळी जागच्या जागी अडकून राहते हे दाखवलं. त्याआधी वरचे मजले स्वस्त असत, कारण तिथवर चढायला कोणी तयार नसे. लिफ्टवर विश्वास बसला आणि काही दशकांत हॉटेलातली सगळ्यात महाग खोली सगळ्यात वर गेली. मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात वाफेवर चालणारी लिफ्ट होती. भारतातली ती पहिली मानतात. १९०३ साली ताजमहाल हॉटेल उघडलं तेव्हा त्याच्या लिफ्ट जर्मनीहून आणलेल्या होत्या.

त्या काळच्या लिफ्टमध्ये लिफ्टमन असे. दार लावणं-उघडणं हे त्याचं दिसणारं काम. न दिसणारं काम जास्त मोलाचं होतं: तो चेहरे ओळखे, एका मजल्याची माणसं एका फेरीत घेई, दोन मिनिटं थांबून लिफ्ट भरू देई किंवा घाईच्या वेळी अर्धी रिकामी सोडे. आज हे काम नियंत्रक संगणक करतो. तीनही लिफ्टचं बटण एकच असतं, आणि कोणत्या लिफ्टने कुठली हाक घ्यायची ते संगणक ठरवतो. म्हणूनच तीन लिफ्ट एका ठिकाणी, एका लॉबीत असायला हव्यात. एक दर्शनी बाजूला, एक मागच्या टोकाला, एक रेस्टॉरंटशेजारी अशी विभागणी नकाशात छान दिसते, पण मग त्या तीन सुट्या लिफ्ट होतात. त्यांचा गट होत नाही आणि वरचा सगळा हिशेब कोसळतो.

यापुढची पायरी म्हणजे मजला आत शिरण्याआधीच विचारणारी पद्धत. लॉबीतल्या पॅनेलवर तुम्ही ८ दाबता, पॅनेल सांगतं 'क' लिफ्टकडे जा, आणि आत गेल्यावर दाबायला बटणंच नसतात. एका मजल्याची माणसं एका लिफ्टमध्ये घातल्यामुळे थांबे कमी होतात. आणि थांबे हाच आपल्या फेरीतला सगळ्यात मोठा खर्च आहे हे आपण पाहिलंच.

या पद्धतीचं हॉटेलातलं गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या मॅरियट मार्की हॉटेलचं. जॉन पोर्टमन या वास्तुविशारदाने रचलेलं हे हॉटेल १९८५ साली उघडलं. जवळपास दोन हजार खोल्या, खालच्या मजल्यांवर सभागृहं आणि ब्रॉडवेचं एक मोठं नाट्यगृह, आणि मुख्य लॉबी आठव्या मजल्यावर. म्हणजे खोलीची चावी घ्यायलासुद्धा आधी लिफ्टच हवी. वर मध्यभागी उंच मोकळं अंगण आणि त्यात चढणाऱ्या-उतरणाऱ्या काचेच्या लिफ्ट. देखणी इमारत, पण लिफ्टसाठी ताटकळण्याबद्दल ती बदनाम झाली, आणि पुढे तिथे ही पॅनेलवर मजला दाबायची पद्धत बसवावी लागली. पोर्टमन यांनीच १९६७ साली अटलांटाच्या हयात रीजन्सीत काचेच्या लिफ्ट आणून त्यांची लाट सुरू केली होती. काचेच्या लिफ्टचं एक दुखणं सांगायलाच हवं: माणसं तिच्यात नुसती बघायला बसतात. लग्नाच्या हॉलला काचेची लिफ्ट लावली तर तिला मुलांच्या फेऱ्यांचं वेगळं खातं धरावं लागेल.

आपल्याकडच्या शंभर-दीडशे खोल्यांना ही पॅनेलची पद्धत मी सुचवणार नाही. ती रोज येणारी माणसं असलेल्या कचेरीत उत्तम चालते. हॉटेलात पाहुणा एक-दोन रात्रींचा असतो. त्यातून आपल्याकडे आठ जणांच्या कुटुंबातला एक जण बटण दाबतो, संगणक एकच माणूस मोजतो आणि 'क' लिफ्टपुढे आठ जण उभे राहतात.

आता आपल्या इमारतीत हॉल घालू, आणि तो चौथ्या मजल्यावर धरू, कारण खरोखरच पुष्कळ ठिकाणी तो तिथे असतो.

लग्नाची गर्दी हॉटेलच्या गर्दीसारखी नसते. पत्रिकेवर मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. आठशे माणसांना निमंत्रण. साडेअकरापर्यंत तुरळक माणसं येतात, आणि मग शेवटच्या अर्ध्या तासात निम्म्याहून जास्त माणसं एकदम येतात, कारण अक्षता चुकवायच्या नसतात. तळमजला ते चौथा मजला १८ मीटर धरले, मधे कुठेही न थांबता नेलं, तर एका फेरीला ६२-६३ सेकंद लागतात. तीन लिफ्ट मिळून पाच मिनिटांत १४५ माणसं नेतील. अर्ध्या तासात चारशे-साडेचारशे माणसं न्यायची म्हणजे अर्धा वेळ त्या दुसरं काहीच करू शकणार नाहीत, आणि त्याच वेळी वरच्या मजल्यांवरून नवरीकडची माणसं खाली चौथ्यावर यायला निघालेली असतात. हा ताण कसाबसा निभावतो. न निभावणारा प्रसंग वेगळाच आहे: हॉल चौथ्यावर आणि जेवण पहिल्यावर. शेवटचं मंगलाष्टक संपलं, टाळ्या वाजल्या की आठशे माणसं दहा मिनिटांत लिफ्टकडे वळतात. तीन लिफ्ट त्यांना खाली न्यायला पंचवीसेक मिनिटं घेतील. तोवर जिन्यात नऊवारी सांभाळत उतरणाऱ्या आज्या आणि वर चढू पाहणारे फोटोग्राफर यांची कोंडी झालेली असते.

म्हणून लिफ्टबाबतचा सगळ्यात फायद्याचा निर्णय लिफ्ट कंपनीशी बोलायच्या आधीच घेता येतो: लग्न आणि जेवण एकाच मजल्यावर ठेवा. त्याला एक रुपयाचीही लिफ्ट लागत नाही. संध्याकाळचा स्वागत समारंभ त्या मानाने सोपा असतो. माणसं दोन-तीन तासांत पसरून येतात, भेटतात, जेवतात आणि जातात. परिषदा आणि कंपन्यांच्या बैठका मात्र मुहूर्तासारख्याच वागतात, कारण चहाची सुट्टी सगळ्यांची एकदम होते.

हॉल तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर असेल तर प्रश्न जवळजवळ सुटतो. रुंद, ऐसपैस पायऱ्यांचा, कठडा दोन्ही बाजूंना असलेला जिना, आणि शेजारी एस्कलेटर. मीटरभर रुंदीचा, सेकंदाला अर्धा मीटर चालणारा एस्कलेटर तासाला ६,००० माणसं वाहू शकतो, असं युरोपीय मानक धरतं. म्हणजे मिनिटाला शंभर. भरजरी साडी, शेला, लहान मुलं आणि पहिल्यांदा पाय ठेवणारी वडीलधारी माणसं असताना मी त्याचे निम्मेच धरीन. तरी आठशे माणसं सोळा मिनिटांत पोचतात, आणि मुख्य म्हणजे कोणी थांबून राहत नाही. पायरीच्या कडेला कापड अडकू नये म्हणून ब्रश असतात आणि दोन्ही टोकांना लाल थांबा-बटण असतं. लग्नाच्या दिवशी तिथे एक माणूस उभा हवा.

मग सगळे जण हॉल खालीच का ठेवत नाहीत? अडचण खांबांची आहे. हॉलला मधे खांब चालत नाहीत; भटजींपासून व्हिडिओवाल्यापर्यंत सगळ्यांना मोकळी जागा हवी. आणि हॉलच्या डोक्यावर खोल्यांचे मजले असतील तर त्या मजल्यांचे खांब उतरवायचे कुठे? त्यासाठी हॉलवर अवाढव्य तुळया टाकाव्या लागतात, त्याचा खर्च डोळे पांढरे करतो. म्हणून कोणी हॉल थेट गच्चीवर नेतो. तिथे खांबांचा प्रश्न नाही आणि नजारा सुंदर, पण लिफ्टच्या दृष्टीने याहून वाईट जागा नाही. प्लॉट पुरेसा असेल तर हॉल खोल्यांच्या इमारतीच्या बाजूला, स्वतःच्या प्रवेशद्वारासह, वेगळा काढावा. प्लॉट नसेल आणि हॉल वर न्यायचाच असेल तर हॉलसाठी स्वतंत्र लिफ्ट हव्यात, ज्या फक्त तळमजला, पार्किंग आणि हॉल यांनाच जोडतात. हॉटेलात उतरलेल्या आणि लग्नाशी काही संबंध नसलेल्या माणसाला वऱ्हाडाबरोबर रांगेत उभं करणं हे त्याच्या पैशाशी केलेली बेइमानी आहे.

आतापर्यंतच्या सगळ्या लिफ्ट पाहुण्यांना दिसणाऱ्या होत्या. न दिसणारी लिफ्ट, म्हणजे मागची सर्व्हिस लिफ्ट, हीच माझ्या मते हॉटेल चांगलं आहे की नाही ते ठरवते. दिवसभरात तिच्यातून काय काय जातं ते पाहा. सकाळी धुतलेल्या चादरी-टॉवेलांच्या ट्रॉल्या वर, मळलेल्या खाली. हाउसकीपिंगच्या गाड्या. खोलीत मागवलेला नाश्ता आणि तासाभराने त्याची खरकटी ताटं. कचऱ्याच्या पिशव्या. पाळी बदलताना तीस-चाळीस कर्मचारी. लग्नाच्या आदल्या रात्री डेकोरेशनवाल्याच्या कमानी, झेंडूची पोती, गाद्या, खुर्च्यांच्या चळती. लग्नाच्या दिवशी केटररची पातेली, बर्फ, पाण्याचे जार. रुखवताचे खोके. ही लिफ्ट लहान पडली की हे सगळं पुढच्या लिफ्टमध्ये येतं, आणि भरजरी शालूतल्या पाहुणीशेजारी ओल्या कचऱ्याची पिशवी उभी राहते.

ठोकताळा असा, की पाहुण्यांच्या दोन लिफ्टमागे एक सर्व्हिस लिफ्ट. हॉल असेल तर मी हात राखून सांगणार नाही: दोन घ्या. एक स्वच्छ मालाची, एक कचऱ्याची आणि मळक्या कापडांची. दुसरी परवडत नसेल तर निदान वेळा वाटून द्या आणि मधे धुण्याची सोय ठेवा. आकार ठरवताना माणसांचा विचार सोडून वस्तू मोजाव्यात. बॅन्क्वेटचं गोल टेबल सहा फुटी असतं, ते उभं करून फिरवत नेतात. दाराची उंची त्याला पुरते का? केटररची सर्वांत मोठी ट्रॉली टेप लावून मोजली आहे का? दवाखान्यातली २० माणसांची लिफ्ट १.३ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल, १.२ मीटर दाराची असते. हा साचा सर्व्हिस लिफ्टला उत्तम बसतो, आणि कोणी आजारी पडलं तर स्ट्रेचर आडवं, न वाकवता नेता येतं. एवढ्या पाहुण्यांच्या हॉटेलात स्ट्रेचरची वेळ कधी ना कधी येतेच. शक्य असेल तर स्वयंपाकघर हॉलच्याच मजल्यावर ठेवावं. गरम वरण लिफ्टने पोचवण्यापेक्षा भिंतीपलीकडून आणणं केव्हाही बरं. गॅस सिलिंडर लिफ्टमधून न्यायचेच नाहीत. त्यांची जागा इमारतीबाहेर, नळीने जोडलेली.

लिफ्टची लॉबी कंजूषपणे काढू नये. दारापुढे सामानाची ढकलगाडी वळली पाहिजे आणि तिच्यामागून दुसरा माणूस गेला पाहिजे. शेवटच्या खोलीपासून लिफ्टपर्यंत साठ मीटरपेक्षा जास्त चालायला लावू नये. आणि शाफ्टच्या भिंतीला लागून पलंगाची उशी येता कामा नये. रात्री दोन वाजता लिफ्टचा तोल राखणारं काउंटरवेट रुळावरून सरकताना होणारी घरघर सगळ्यांत स्पष्ट त्या भिंतीतूनच ऐकू येते. त्या बाजूला बाथरूम किंवा कपाटं घ्यावीत.

व्हीलचेअरसाठी आपल्याकडे पुष्कळदा जो आकार धरतात, तो म्हणजे आतली रुंदी २ मीटर, खोली १.१ मीटर आणि दार ९०० मिलिमीटर. ही आपली १३ माणसांचीच लिफ्ट. पण एवढ्या जागेत खुर्ची सहज वळत नाही, माणसाला पाठमोरं बाहेर यावं लागतं. लिफ्टच्या मागच्या भिंतीवर आरसा असतो तो यासाठी, मागे कोण उभं आहे ते दिसावं म्हणून. सजावटीच्या नावाखाली तो आरसा काढून लाकडी पॅनेल लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. बटणांवर ब्रेल हवं, मजल्याची घोषणा मराठीत हवी. पार्किंगमधून लिफ्टपर्यंत एकही पायरी नको. एका पायरीने बाकीची सगळी सोय वाया जाते.

आग लागल्यावर लिफ्ट वापरू नये हे सगळ्यांना माहीत असतं, का ते थोड्यांना. धूर शाफ्टमधून वर चढतो, वीज कधीही जाते, आणि उष्णतेने बिघडलेली हाक लिफ्टला नेमकी जळत्या मजल्यावर नेऊन दार उघडू शकते. म्हणून अलार्म वाजताच सगळ्या लिफ्ट हाका सोडून तळमजल्यावर येतात आणि दारं उघडून थांबतात. अपवाद अग्निशमन दलाच्या लिफ्टचा. ती किमान आठ माणसांची हवी, तळमजल्यावरच्या स्विचने जवानांच्या ताब्यात जायला हवी, आणि तळापासून वरच्या टोकाच्या मजल्यावर एका मिनिटात पोचायला हवी. वीज गेल्यास ती जनरेटरवर चालली पाहिजे. बाकीच्या लिफ्टना बॅटरीवर जवळच्या मजल्यापर्यंत नेऊन दार उघडणारं यंत्र लावावंच. मधे अडकलेल्या लिफ्टमध्ये मुहूर्ताची वाट पाहणारा नवरदेव असू शकतो.

कोकणात आणि गोव्यात समुद्राजवळ बांधत असाल तर दोन गोष्टी अजून. लिफ्टच्या तळाचा खड्डा पावसाळ्यात पाण्याने भरतो, त्यामुळे त्याचं वॉटरप्रूफिंग आणि पाणी उपसायची सोय आधीच करा. आणि खाऱ्या हवेने दाराच्या पट्ट्या, दोर, बटणांचे सांधे गंजतात, म्हणून तिथे चांगल्या दर्जाचं स्टेनलेस स्टील मागा आणि तपासणीच्या फेऱ्या वाढवा.

महाराष्ट्रात लिफ्ट बसवण्याआधी परवानगी आणि चालवण्याआधी परवाना लागतो. १९३९ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०१७ चा लिफ्ट, एस्कलेटर आणि सरकते मार्ग यांचा कायदा आला आहे. अर्ज आर्किटेक्टवर सोडून देऊ नका, निदान शाफ्टचे आकडे तरी स्वतः ताडून बघा. लिफ्ट कंपनीकडून दरपत्रक मागताना सोबत एक पान हिशेबाचं मागा: किती माणसं धरली, थांबे किती, फेरी किती सेकंदांची, पाच मिनिटांत किती टक्के, अंतर किती. जी कंपनी हे पान देत नाही तिच्या दराकडे पाहण्याची गरज नाही.

इमारत उभी राहिल्यावरही नियोजन संपत नाही. लग्नाच्या दिवशी मुहूर्ताच्या तासाभर आधी तीनपैकी दोन लिफ्ट फक्त तळमजला आणि हॉल एवढ्यांनाच जोडून द्याव्यात. हे नियंत्रकातून करता येतं, बहुतेक मॅनेजरांना ते दाखवलेलं मात्र नसतं. एक लिफ्ट खोल्यांसाठी राखावी. प्रत्येक लिफ्टपाशी एक माणूस ठेवावा, जो वयस्कांना आणि व्हीलचेअरला पुढे घेईल आणि धडधाकट पोरांना जिना दाखवेल. हॉलच्या बुकिंगच्या कागदावरच लिहून घ्यावं की डेकोरेशनचं सामान अमुक वाजेपर्यंत, सर्व्हिस लिफ्टनेच, आणि सामान नेताना दारात खुर्ची अडकवून लिफ्ट रोखायची नाही. दार रोखल्याने जेवढे दरवाजे बिघडतात तेवढे वापराने बिघडत नाहीत.

देखभालीचा करार करताना कंपनी तिच्या सोयीने महिन्यातली एक तारीख ठरवते. ती पंचांग पुढ्यात ठेवून ठरवा. लग्नाच्या तारखांना, आदल्या दिवशी आणि शनिवार-रविवारी लिफ्ट बंद ठेवायची नाही, असं करारातच घाला. दोर बदलणं, दारांच्या मोटारी बदलणं, ब्रेक उघडून तपासणं अशी दोन-तीन दिवस लिफ्ट बंद ठेवणारी कामं चातुर्मासात घ्या. तेव्हा मुहूर्त फारसे नसतात आणि हॉल रिकामा असतो. एका वेळी एकच लिफ्ट उघडायची, ती चालू करून दोन दिवस पाहायची आणि मगच दुसरीला हात लावायचा. तुळशीच्या लग्नाच्या आठवडाभर आधी सगळ्या लिफ्ट एकदा पूर्ण भाराने चालवून बघाव्यात आणि फेरीचे सेकंद घड्याळ लावून मोजावेत. ते मूळ हिशेबापेक्षा दहा-बारा सेकंदांनी वाढले असतील तर दोष बहुतेक वेळा दारात सापडतो.